मीठ राहू दे, आधी पाणी बघ

मिरज,
तुळशीच्या लग्नाचा दिवस

प्रिय कुंदा,



तुझं पत्र पोचलं. थंडी पडली, गुडघे धरले, फिजिओथेरपीची तारीख लांबची मिळाली आणि सुनेनं एप्सम सॉल्टची भली मोठी पिशवी आणून बाथरूममध्ये ठेवली, हे सगळं एका दमात सांगून शेवटी तू विचारतेस, "शालन, तुझा जन्म दवाखान्यात गेला. खरं सांग, ह्या मिठाच्या अंघोळीनं काही अपाय तर होणार नाही ना?" कुंदे, क्रॉयडनला गेल्यापासून तू मला कटाच्या आमटीपासून भिशीच्या हिशेबापर्यंत सगळं विचारलंस. माझ्या खात्यातला प्रश्न आज पहिल्यांदाच आला. तेव्हा पत्र लांबणार. चहा टाक आणि बस.

थोडक्यात उत्तर हवं असेल तर ते असं. धडधाकट माणूस कोमट पाण्यात हे मीठ टाकून पंधरा मिनिटं बसला तर सहसा काही होत नाही. झालंच तर बहुतेक वेळा पाण्याच्या गरमपणानं होतं. मीठ खरं अंगावर येतं ते तोंडातून किंवा सुईतून आत गेल्यावर. पण तुमच्या घरात धडधाकट कोण आहे, सांग बघू? तुला ब्लडप्रेशरची गोळी, भावोजींची शुगर जुनी, सुनेला दिवस गेलेले, आणि नातू म्हणजे दिसेल ते तोंडात घालणारं दीड वर्षाचं वादळ. म्हणून एकच सल्ला चौघांना देऊन भागणार नाही.

आधी तुझ्या शेजारगावाची गोष्ट ऐक. एप्सम तुझ्या घरापासून काही मैलांवर आहे. डर्बीच्या घोड्यांमुळे तुला ते ठाऊक असेल. ती शर्यत १७८० पासून तिथल्या माळावर होते. पण गावाचं नाव झालं ते त्याच्या कितीतरी आधी, पाण्यामुळे. १६१८ साली हेन्री विकर नावाच्या माणसाला गावच्या कुरणावर पाण्याचा एक झरा दिसला. त्यानं तो खणून मोठा केला, पण गुरं काही त्याला तोंड लावेनात, अशी तिथली आख्यायिका आहे. पाणी कडूजहर होतं. मग कुणीतरी धीर करून ते प्यायलं, पोट साफ झालं आणि बातमी लंडनपर्यंत गेली. रोजनिशीमुळे अजरामर झालेले सॅम्युअल पीप्स १६६७ च्या जुलैत तिथल्या विहिरीवर गेले, चार पाइंट पाणी प्यायले आणि त्याचा जो काही परिणाम झाला तोही बिनदिक्कत लिहून मोकळे झाले. १६९५ मध्ये नेहेमाया ग्रू ह्या वनस्पतीशास्त्रज्ञानं ह्या कडू मिठावर लॅटिनमध्ये एक पुस्तक लिहिलं आणि १६९८ मध्ये ते मीठ बनवण्याचा राजाकडून परवानाही मिळवला. विहिरीवर जायची गरज संपली, मीठ पुडीत मिळायला लागलं.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे, एप्समची कीर्ती झाली ती प्यायच्या पाण्यामुळे. आपल्या घरांत महिन्यातून एकदा एरंडेल पाजायचे ना, तोच प्रकार. विहिरीवर लोक रेच घ्यायला जायचे आणि मग झुडपाआड पळायचे. टबात हे मीठ टाकून डोळे मिटून पडायचं खूळ पुष्कळ नंतरचं. ज्या कामासाठी हे मीठ ओळखलं गेलं, त्यावरूनच त्याचा पहिला अपाय कळतो. ते पोटात गेलं की आतड्यात पाणी ओढून घेतं आणि ढाळ लागतात. जास्त गेलं तर त्याहून वाईट होतं, ते पुढे सांगते.

रसायनाच्या भाषेत हे मॅग्नेशियम सल्फेट. त्याच्या एकेका रेणूला पाण्याचे सात रेणू बांधलेले असतात, त्यामुळे पिशवीच्या वजनातलं निम्म्याहून थोडं जास्त तर पाणीच असतं. आम्ही त्याला दवाखान्यात 'मॅगसल्फ' म्हणायचो. माझी आणि त्याची गाठ लेबर रूममध्ये पडली.

गरोदर बाईचं प्रेशर वाढून झटके येतात, त्यावर आजही जगभर हेच औषध देतात. रात्री-अपरात्री जीपमधून अशी बाई यायची. प्रेशर १७० वर ११०, डोळे फिरलेले, नवरा दारात थरथरत उभा. आम्ही ट्रे ओढायचो आणि अँप्युल फोडायला बसायचो. एका अँप्युलमध्ये दोन मिली, म्हणजे एक ग्रॅम मॅगसल्फ. पहिल्या डोसला चौदा लागायचे. त्यातले चार ग्रॅम पाण्यात पातळ करून शिरेतून हळूहळू द्यायचे आणि पाच-पाच ग्रॅम दोन्ही कुल्ल्यांत. चौदा अँप्युलच्या माना मोडून बोटांना चिरा पडायच्या. शुद्धीवर असलेली बाई म्हणायची, "सिस्टर, अंगाची आग आग व्हायली." ते अपेक्षितच असायचं, मॅगसल्फनं रक्तवाहिन्या सैलावतात.

पुढे दर चार तासांनी पाच ग्रॅम. पण प्रत्येक सुईआधी तीन गोष्टी तपासल्याशिवाय हात लावायचा नाही. मिनिटाला श्वास किमान सोळा हवेत. लघवीच्या पिशवीत पुरेशी लघवी हवी. आणि गुडघ्याखाली रबरी हातोडी मारली की पाय उडायला हवा. पाय उडाला नाही तर सुई तिथेच थांबवायची, कारण रक्तात मॅग्नेशियम चढत गेलं की आधी गुडघ्याचा झटका जातो आणि त्यानंतर श्वास. उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेटची दहा मिलीची अँप्युल ट्रेवर आधीच ठेवलेली असायची. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मॅगपाय चाचणीत ३३ देशांतल्या दहा हजारांहून जास्त बायका होत्या. मॅगसल्फ दिल्यानं झटक्यांचा धोका निम्म्याहून खाली येतो हे त्यात पक्कं झालं. ह्या औषधानं वाचलेल्या बाया मी डोळ्यांनी बघितल्यात. ते देताना हातोडी हातातून सोडली नाही, तेही तितकंच खरं.

म्हणून कुणी "नैसर्गिक आहे, काय होतंय?" म्हणालं की मला हसू येतं. शंभर मिली रक्तात मॅग्नेशियम साधारण १.७ ते २.२ मिलिग्रॅम असतं आणि जास्तीचं काढून टाकायचा रस्ता मुख्यतः एकच, मूत्रपिंड. ती वाट अडली की साठत जातं. मळमळ, गळून गेल्यासारखं वाटणं, प्रेशर उतरणं, झापड येणं, नाडी मंद होणं, अशी पायरी पायरीनं उतरण असते.

आता तू विचारशील, मग टबात बसल्यावर हे सगळं अंगात शिरत नाही का? आपण हिशेबच करू. तुझ्या टबात साधारण दीडशे लिटर पाणी मावत असेल. पिशवीवर दोन कप मीठ टाका असं लिहिलेलं असतं, म्हणजे पाचशे-सहाशे ग्रॅम. दीडशे लिटरला पाचशे ग्रॅम म्हणजे शंभर ग्रॅम पाण्यात मीठ एक तृतीयांश ग्रॅम. मालवणच्या समुद्रात शंभराला साडेतीन ग्रॅम क्षार असतात. म्हणजे आपण शाळेच्या सहलीला तारकर्लीला दिवसभर डुंबलो, ते पाणी तुझ्या टबापेक्षा दहापटीहून खारट होतं आणि त्यानं आपल्याला काही झालं नाही, केस सोडून. कातडीचा सगळ्यात वरचा थर मेलेल्या पेशींचा आणि स्निग्धाचा असतो. मॅग्नेशियमचा कण पाण्यात गेला की पाण्याचं भलं मोठं वेष्टण गुंडाळून बसतो. त्याला त्या थरातून आत शिरायला वाव फार कमी.

विकणारे लोक एका अभ्यासाचा दाखला देतात. बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या रोझमेरी वेअरिंग ह्यांनी १९ जणांना ह्या मिठाच्या पाण्यात बसवून रक्त-लघवी तपासली आणि बऱ्याच जणांचं मॅग्नेशियम थोडं वाढलेलं दिसलं. पण तो अहवाल कुठल्याही तपासून छापणाऱ्या शास्त्रीय नियतकालिकात आला नाही. २०१७ मध्ये जर्मन संशोधकांनी 'न्यूट्रिएंट्स' ह्या नियतकालिकात कातडीवाटे मॅग्नेशियम देण्याचे सगळे दावे तपासले आणि त्यांना पुरेसा आधार नाही असा निष्कर्ष काढला. म्हणजे अंगातलं विष ओढून काढतं, मॅग्नेशियमची कमतरता भरून काढतं, हे पिशवीवरचं बोलणं तू मनावर घेऊ नकोस. तुझे गुडघे टबात बसल्यावर हलके होतात ते ऊब मिळते म्हणून, आणि पाण्यात अंगाचा भार कमी होतो म्हणून. शिवाय तेवढी पंधरा मिनिटं तुला कुणी हाक मारत नाही, ह्याचाही वाटा मोठा असणार.

पण 'आत फारसं शिरत नाही' हे शाबूत कातडीचं झालं. सोललेली, भाजलेली, ओली जखम असलेली कातडी वेगळी. तिथून शोषण वाढतं आणि चुरचुरतं ते निराळंच. ज्यांची मूत्रपिंडं अधू आहेत त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा प्रयोग करू नये; त्यांच्या बाबतीत थोडंही जास्तीचं बाहेर जायला वाट नसते.

आता तुझं. तुझी प्रेशरची गोळी रक्तवाहिन्या सैल करते. गरम पाणीही तेच करतं. दोन्ही एकदम झालं की रक्त कातडीकडे आणि पायांकडे धावतं. बसलेली असशील तोवर बरं वाटेल, पण उठून उभी राहिलीस की डोळ्यांपुढे अंधारी. आणि ओला टब, साठी उलटलेली बाई, एका हातात टॉवेल, दुसऱ्या हाताला धरायला काही नाही. आमच्या हाडांच्या वॉर्डात खुब्याचं हाड मोडून आलेल्या म्हाताऱ्यांना मी विचारायची, "कुठे पडलात आजी?" दहातल्या निम्म्या तरी बाथरूम म्हणायच्या. जपानमध्ये रोज गळ्यापर्यंत गरम पाण्यात बसायची रीत आहे. तिथे हिवाळ्यात वृद्ध माणसं टबातच दगावतात, हा सरकारदरबारी मान्य झालेला आरोग्याचा प्रश्न आहे. गार खोलीत कपडे काढायचे आणि एकदम कढत पाण्यात शिरायचं, त्यात प्रेशर आधी चढतं, मग उतरतं, माणूस बेशुद्ध होतो आणि नाक पाण्याखाली जातं. त्यात मीठ नसतंच.

तेव्हा तुझ्यासाठी नियम असे. पाणी ३७-३८ अंश, चाळीसच्या वर कधीच नाही. बाळाच्या पाण्याला कोपर लावून बघायचीस ना, तसंच बघ, पण थर्मामीटर मिळत असेल तर तोच बरा. पाणी छातीच्या खाली. दहा-पंधरा मिनिटं पुरे. उठायच्या आधी टबाचं बूच काढ, पाणी जाऊ दे, पाय हलव, दोन मिनिटं बसून राहा आणि मग भिंतीची दांडी धरून ऊठ. दांडी नसेल तर मुलाला आधी ती बसवायला सांग. ती त्या पिशवीपेक्षा जास्त उपयोगी पडेल. दाराला आतून कडी घालू नको. वाइन पिऊन टबात जायचं नाही. हसू नको, तुझ्या गेल्या पत्रात तूच लिहिलं होतंस.

भावोजींकडे वळते, कारण माझी खरी काळजी तिथे आहे. तू लिहिलंयस, टबात बसायचा त्यांना कंटाळा, म्हणून ते रोज संध्याकाळी बातम्या बघत प्लॅस्टिकच्या टबात पाय बुडवून बसतात आणि थंड झालं की केटलमधलं पाणी ओततात. कुंदे, हे आजच्या आज बंद कर.

आमच्या गल्लीत एक काका आहेत. शुगर पंधरा-वीस वर्षांची, पायांना मुंग्या. मुंग्या जाव्यात म्हणून घमेल्यात कढत पाणी, त्यात मीठ, आणि समोर क्रिकेट. त्यांना पाणी गरम वाटेचना, म्हणून आणखी ओतत गेले. दुसऱ्या दिवशी अंगठ्याच्या खाली रुपयाएवढा फोड, तोही काकूंना दिसला, कारण फरशीवर ओला ठसा उमटला होता. काका म्हणाले, "दुखत नाही, म्हणजे काही नाही." तेच तर वाईट होतं. फोड चिघळला, काळा पडला आणि शेवटी अंगठा काढावा लागला. त्यांची मलमपट्टी मीच करायची. पट्टी सोडताना मी दात-ओठ खायची आणि काका निवांत पेपर वाचायचे, त्या पायाला काही कळतच नव्हतं.

जुन्या शुगरनं पावलांतल्या नसा बधिर होतात. गरम किती आहे हे सांगणारा माणूसच आतून गेलेला असतो. शिवाय पाय बुडवायच्या टबाचा हिशेब निराळा. पाच लिटर पाण्यात एक कप टाकला की मिठाचं प्रमाण मोठ्या टबाच्या पंधरापट होतं. मिठाचं असं दाट पाणी कातडीतून ओलावा ओढतं. वॉर्डात सलाईन बाहेर जाऊन कुणाचा हात सुजला की आम्ही मॅगसल्फ आणि ग्लिसरीन कालवून त्यात गॉज भिजवून पट्टी बांधायचो आणि सकाळपर्यंत सूज उतरलेली दिसायची. तोच गुण कोरड्या टाचेवर रोज अर्धा तास चालवला तर टाच फुटणार, बोटांच्या बेचक्या ओल्या राहून तिथे बुरशी धरणार, आणि शुगरच्या माणसाला एक भेग म्हणजे जंतूंना उघडं दार. मधुमेहाचे डॉक्टर पाय भिजत ठेवू नका असं सांगतात ते ह्यासाठी. पाय कोमट पाण्यानं धुवायचे, बोटांमधून पुसून कोरडे करायचे, टाचांना क्रीम लावायचं पण बेचक्यांत नाही. बस, एवढंच.

तुमच्याकडे शुगरच्या पेशंटची पावलं वर्षातून एकदा तपासतात. दहा ग्रॅम दाब देणारा नायलॉनचा बारीक तंतू तळपायाला टेकवून "कळलं का?" विचारतात. भावोजींची ती तपासणी झाली का? नसेल तर आधी जीपीला फोन.

सुनेचं. तिला सांग, चौथा-पाचवा महिना असो की नववा, मिठाच्या कोमट पाण्याचं भय बाळगायचं कारण नाही. पण पाणी कढत नको. पहिल्या तीन महिन्यांत आईचं अंग फार तापलं तर बाळाच्या मज्जारज्जूच्या घडणीत दोष राहण्याचा धोका वाढतो, म्हणून हॉट टब, सॉना हे प्रकार तेव्हा टाळायचेच. पुढच्या महिन्यांतही चक्कर येऊन पडायची भीती असतेच.

आणि पायांच्या सुजेविषयी एक गोष्ट तिला नीट समजावून सांग. गरोदरपणात संध्याकाळी पावलं थोडी सुजतात, ते चालतं. पण चेहरा-हात सुजले, डोकं सतत दुखतंय, डोळ्यांपुढे काजवे चमकतात, बरगडीखाली पोटात दुखतंय, असं काही झालं तर पाय भिजवत बसायचं नाही, ताबडतोब प्रेशर तपासायचं. आमच्याकडे येणाऱ्या कितीतरी बाया "सूज होती म्हणून मीठपाण्यानं शेकत होते" असं म्हणत यायच्या, नाहीतर त्यांच्या सासवा म्हणायच्या, कारण बाई स्वतः बोलायच्या अवस्थेत नसायची. शेकण्यात दोन दिवस गेलेले असायचे आणि मग तेच मीठ आम्हाला सुईनं द्यावं लागायचं. सुजेवर घरगुती उपाय करताना प्रेशर न बघणं, हा ह्या अंघोळीचा मला दिसलेला सगळ्यात महागडा दुष्परिणाम. पिशवीवर तो कुणी छापत नाही.

नातवाचं सोपं आहे. मीठ दिसतं साखरेसारखं. बरणीत काढून ओट्यावर ठेवू नका. मूळ पिशवीत, नाव दिसेल असं, वरच्या कपाटात. टबातलं मिठाचं पाणी तो पितो म्हणालीस. एखाद्या घोटानं काही होणार नाही, फार तर पोट बिघडेल. पण त्याला त्या पाण्यात बसवायचं कारणच काय? त्याच्या कोवळ्या कातडीला साधं पाणी उत्तम.

मोठ्यांनीही ते पिऊ नये. बद्धकोष्ठावर किंवा 'लिव्हर साफ करायला' म्हणून चमचे-चमचे मीठ पाण्यात ढवळून पिणारे लोक आहेत. म्हातारपण, अधू मूत्रपिंडं किंवा बंद झालेलं आतडं असेल तर ह्यातून जीव गेल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. डॉक्टरांनी मोजून दिलं तर गोष्ट वेगळी.

राहिला कातडीचा प्रश्न. तू लिहिलंस, दोन दिवस पोटऱ्यांना खाज सुटली. हिवाळ्यात घरात हीटर, त्यानं हवा कोरडी, त्यात गरम पाण्यानं कातडीवरचा तेलकटपणा धुऊन गेला आणि वर मिठाचा थर वाळला. खाज सुटणारच. पिशवी उलटी करून वाच. लॅव्हेंडरचा वास असेल तर सुगंधी तेलं घातलेली असणार. मिठापेक्षा त्या वासाचीच बऱ्याच जणांना ॲलर्जी असते. बिनवासाचं घे, आठवड्यातून एक-दोनदाच बस, बाहेर आलीस की साध्या पाण्यानं अंग धू आणि ओलसर असतानाच खोबरेल किंवा क्रीम लाव. इसब असेल, पुरळ उठलं असेल, नुकतेच पायांचे केस काढले असतील तर त्या दिवशी सुट्टी. अंगावर गांधी उठल्या, ओठ-चेहरा सुजला, श्वासाला त्रास झाला तर मात्र घरगुती काही करू नको, सरळ इमर्जन्सीला फोन.

इकडची गंमत सांगते. तुझं पत्र आलं तेव्हा माझा भाऊ तासगावहून आला होता. ऑक्टोबर छाटणी झालीय, द्राक्षबागेत फवारण्या चालू आहेत. पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा पडला की बागायतदार मॅग्नेशियम सल्फेट मारतात, हेच मीठ. मी तुझं पत्र वाचून दाखवलं तर म्हणतो, "एवढ्या लांब काय इकत घ्यायचं? माझ्या गोडाऊनमधी पोती पडल्यात, आक्काला पाठवू का एक?" मी म्हटलं, तुझं पोतं वेलीला ठेव. खताचा माल खतापुरता शुद्ध असतो. माणसाच्या अंगाला लावायला औषधी दर्जाचं मीठच घ्यावं. तुमच्याकडेही बागकामाच्या दुकानात ते स्वस्त मिळतं. पैसे वाचवायच्या नादात सून तिकडे वळली तर तिला अडव.

बरीच लिहीत गेले. तू म्हणशील, एवढं सगळं ऐकून आता टबात बसावं की नाही? बस, खुशाल बस. पाणी कोमट, वेळ थोडा, दार उघडं, हाताला दांडी. मीठ घाल अगर घालू नको, गुडघ्यांना फारसा फरक कळणार नाही. त्यांना खरा उतार पडेल तो फिजिओथेरपीच्या मांडीच्या व्यायामानं आणि चार किलो वजन कमी केल्यानं. ते तुला आवडणार नाही, तरी लिहिते.

आणि एक काम माझ्यासाठी कर. आज रात्री भावोजींचे तळपाय दिव्याखाली घेऊन स्वतः बघ. टाचा, अंगठ्याची खालची बाजू, बोटांच्या बेचक्या, एकही जागा सोडू नको. फोड, भेग, काळसर डाग काहीही दिसलं तर सकाळी पहिला फोन डॉक्टरांना कर आणि दुसरा मला.

तुझीच,
शालन